लिंबू म्हटलं की

आमच्या घरात जेवायला बसल्यावर काही शब्द उच्चारायला बंदी होती. शिव्यांना नव्हती, त्या चालायच्या, आणि आईच्या तर फार मुद्देसूद असत. बंदी होती मुंगी, ढेकूण, करवत आणि वाळू या शब्दांना, आणि ती होती शांताआत्यामुळे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न एकदा करून पाहिलं, आवडलं नाही, म्हणून वर्ध्याहून एक ट्रंक घेऊन कर्वेनगरला आमच्या दोन खोल्यांत आली ती कायमची. तिच्यासमोर कुणी सहज 'मुंगी' म्हटलं की तिचा डावा पाय वर जायचा. 'ढेकूण' म्हटलं की मानेमागे हात. 'करवत' म्हटलं की ती दातांवर दात आवळून डोळे मिटायची आणि करवत थांबेपर्यंत उघडायची नाही. करवत कधी थांबली हे फक्त तिला कळायचं. 'वाळू' म्हटलं तर तोंडातला घास ताटाबाहेर. भात निवडलेला आहे, धुतलेला आहे, हे तिला पटवून उपयोग नसे. "मले मालूम हाये खडा नाही ते," ती म्हणायची, "पण तुम्ही बोलले ना. आता लागला दाताले." बालवाडीत शिकवायची ती. मुंगीचं गाणं ती दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन शिकवत असे, आणि पोरांना वाटायचं की गाणं तसंच म्हणायचं असतं. कर्वेनगरात आजही पन्नाशीला टेकलेली काही माणसं असतील जी मुंगी पाहिली की कारण न कळता पाय वर घेतात. त्यांची मी आत्याच्या वतीने माफी मागते.

आई अगदी उलट्या टोकाची. शब्द ऐकला की तिला फक्त प्रश्न पडायचा. 'लिंबू' म्हणा, ती विचारणार, "पातळ सालीचं की जाड?" यालाही कारण होतं. दर हिवाळ्यात ती शेजारच्या काकूंना घेऊन मार्केट यार्डात जायची आणि रिक्षात स्वतःच्या मांडीशेजारी एक गच्च पोतं बसवून परत यायची. मग आठ दिवस घराचं लोणचं व्हायचं. जुन्या पातळावर लिंबं पसरायची, एकेक कोरडं पुसायचं, चिरायचं, मिठात घालायचं, बरण्या गॅलरीत उन्हाला लावायच्या. हात चरचरायचे, वास उशांना लागायचा, आणि बिया सगळीकडे. माझ्या कंपासपेटीत बी, आत्याच्या अंबाड्यात बी, बाबांच्या कोटावर बी. हा कोट लक्षात ठेवा.

बाबा एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात कारकून होते. आलेल्या पत्रावर 'आवक'चा शिक्का, गेलेल्यावर 'जावक'चा, आणि दोन्हींखाली छोटी सही. दिवसभर हे केलेला माणूस रविवारी काय करेल? काहीजण झोपतात. आमचे बाबा लोकांना झोपवायचे. रद्दीच्या दुकानात त्यांना संमोहनावरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं, पहिली काही पानं नसलेलं. त्यामुळे धोक्याच्या सूचना वगैरे त्यांनी कधी वाचल्याच नाहीत. लग्नातला काळा कोट त्यांनी या कामासाठी काढला आणि सोसायट्यांच्या संमेलनांतून, मंडळांतून 'मनाची अद्भुत शक्ती' हा कार्यक्रम सुरू केला. सुरुवात नेहमी लिंबाने व्हायची. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि बाबा कचेरीत कधी न वापरलेल्या आवाजात बोलू लागायचे. "तुमच्या उजव्या तळहातावर एक लिंबू आहे. पिवळंधमक. देठाकडे किंचित हिरवं राहिलेलं. थंड आहे. माठाला टेकून ठेवलं होतं ना, म्हणून थंड. आता ते कापलं. फोड उचलली. जिभेवर पिळली." ज्यांच्या गळ्याची घाटी खालीवर व्हायची त्यांना ते स्टेजवर बोलवायचे. पुढचे प्रयोग त्यांच्यावर.

आईला हे मुळीच मान्य नव्हतं. "मामंजींनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले ताईत, गंडे, उंबऱ्यावरचं लिंबू, सगळं एका टोपलीत भरून नदीत सोडलं," ती म्हणायची. "आपल्या माणसांनी लिंबाला घाबरणं सोडलं. आणि तुम्ही काळा कोट घालून परत लिंबू काढता."

"अगं, हा चमत्कार नाही. मनाचा अभ्यास आहे."

"मग पांढऱ्या शर्टात करा अभ्यास."

बाबा भिंतीवरच्या बुद्धाकडे बघायचे. तो डोळे मिटून असल्यामुळे कुणाची बाजू घेत नसे.

आता मी. मी चौदा वर्षांची, नाव सुजाता, आणि बाबांच्या कार्यक्रमातली पहिली 'स्वयंसेवक'. स्टेजवर कुणी यायला धजत नसे म्हणून सुरुवातीला मला बसवायचे. पहिली तालीम घरीच झाली. मी आणि आत्या सतरंजीवर शेजारी शेजारी. बाबा म्हणाले, डोळे मिटा. मी मिटले. लिंबू म्हणाले. मी वाट पाहिली. पिवळंधमक म्हणाले. अंधार. देठाकडे हिरवं म्हणाले. अंधारच, देठाकडेही. मला वाटलं, 'दिसतंय' ही बोलायची पद्धत असणार, जसं आपण म्हणतो की माझं डोकं फिरलं; कुणाचं डोकं खरोखर गरगरताना मी पाहिलं नव्हतं. तरी खात्री करावी म्हणून मी एक डोळा किलकिला केला. शेजारी आत्याचा चेहरा आवळलेल्या पिशवीसारखा झाला होता, खांदे कानांपर्यंत चढले होते, आणि ती पदराने हनुवटी पुसत म्हणत होती, "दादा, नोको ना बापा, माह्या दाढेत कळ गेली." आत्या त्याला निंबू म्हणायची, पाणी तेवढंच सुटायचं. मी तिचे खांदे पाहिले, आपले वर घेतले. ओठ पाहिले, आपले आवळले. एक आवंढाही गिळला, कोरडा. डोळे उघडले तर बाबा माझ्याकडे बघत होते. जावकचा शिक्का मारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतर खरं सांगायची सोय उरली नाही.

पुढे मी नाटकात गेले. मुलाखतीत विचारतात, अभिनयाचं शिक्षण कुठे झालं? मी भारदस्त काहीतरी सांगते. खरं उत्तर आहे ती सतरंजी.

वर्षभर हे चाललं. मी स्टेजवर लिंबू खाल्लं, बर्फाने काकडले, नसलेल्या मुंग्या झटकल्या. सगळं आत्याचं बघून. मग वारज्याचा कार्यक्रम झाला. दुपारची वेळ, नवी सोसायटी, पुढच्या रांगेत एक वॉचमन येऊन बसलेला. बाबा 'लिंबू' म्हणाले आणि तो गाढ झोपला. लिंबाने नाही; रात्रपाळी करून आला होता. पण हॉलमध्ये कुजबुज झाली, 'एका शब्दात गेला बघा', आणि बाबांना मोह झाला. ते म्हणाले, "आता मी तीन मोजेन आणि हे जागे होतील." तीन झाले. दहा झाले. बाबांनी चुटकी वाजवली, टाळी वाजवली, शेवटी खांदा धरून हलवलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, गाडी पुढं घ्या," आणि कूस बदलली. लोक खुर्च्या उचलून घरी गेले. आम्ही चौघं त्याच्याभोवती बसून राहिलो. सहा वाजता तो आपणहून उठला, कारण त्याची ड्युटी सहाला होती, आणि बाबांना सलाम ठोकून गेला.

घरी आल्यावर आईने कोट दिव्याखाली नेऊन चाचपला, जसं लिंबू चाचपतात. म्हणाली, "अहो, आपल्या सोसायटीच्या संमेलनाला शब्द दिलाय तेवढा एक कार्यक्रम करा. सगळे ओळखीचे आहेत, निदान हलवलं तर उठतील. त्यात दहा माणसांनी आवंढा गिळलेला मला माझ्या डोळ्यांनी दिसला तर कोट कपाटात राहील. नाही तर शांताताईंच्या गोधडीला काळं ठिगळ हवंच आहे."

बाबा "बरं" म्हणाले. ते जेवले नाहीत. आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुजे, त्याच्याकडून हे गेलं ना, तर तो सोमवार ते शनिवारच जगंल. तू नीट खाय ते निंबू."

आमच्या सोसायटीत साठे सर राहायचे. निवृत्त रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या दारावर पाटी होती, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' संमेलनाच्या दिवशी ते पहिल्या रांगेत मधोमध बसले. बाबा कोट घालून स्टेजवर चढले, मी खुर्चीत बसले, आणि बाबांनी तोंड उघडायच्या आत साठे सर उभे राहिले.

"रामटेके, आपली हरकत नसेल तर एक विनंती."

"बोला ना सर."

"घरच्या मुलीला स्टेजवर बसवून लिंबू खायला घालणं हा प्रयोग नाही. हा पाहुणचार झाला."

हॉल हसला. बाबाही हसले, पण त्यांचा हात कोटाच्या बटणावर गेला. एक बटण आधीच तुटलेलं होतं, ते नेमकं तेच शोधत राहिले. सर पुढे म्हणाले, "आपण शब्द उच्चारा. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, ऐकल्यावर मनात नेमकं काय झालं. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात. मी वाचतो. म्हणजे कुणाला भीड नको. आपणही लिहा. आणि मुलीलाही द्या एक कागद."

"आणि सर, तुम्ही?"

"मला शब्दाने काही होत नाही. मी आयुष्यभर आम्लं हाताळली आहेत."

कागद वाटले गेले. बाबा बोलले, पिवळंधमक, देठाकडे हिरवं, माठाजवळचं. तिसऱ्या रांगेत आत्या मांडीवर नॅपकिन पसरून तयारीने बसली होती. 'फोड' शब्दालाच तिने तो तोंडावर घेतला. मी कागदाकडे बघत बसले. लिहायला हवं होतं 'पाणी सुटलं'. दोन शब्द. पण खोटं वागायला समोर प्रेक्षक लागतो. कागदाला प्रेक्षक नव्हता. शिवाय नाव घालायचं नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी मला खरोखर विचारलं होतं. मी लिहिलं, 'काहीच दिसत नाही. नुसता अंधार.' आणि डब्यात टाकलं.

साठे सरांनी वाचायला सुरुवात केली. वर्गात हजेरी घेतात तशी, प्रत्येक अक्षर स्वच्छ. "पिवळा रंग." "दातात कळ." "सरबत. कार्यक्रमानंतर आहे का?" "माझ्या सासूबाई." इथे हॉलमधल्या सगळ्या सासूबाईंनी आपापल्या सुनांकडे पाहिलं, आणि सगळ्या सुनांनी छताकडे. "फळ्यावर लिहिलेला शब्द दिसला, शेजारी तारीख." "मला क्रिकेटमध्ये कायम लिंबूटिंबू घ्यायचे. अजून राग आहे." "गेटला दर शनिवारी लिंबू-मिरची कोण बांधतं ते एकदा कळलं पाहिजे." सेक्रेटरी ताडकन उठले, हा विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा म्हणाले, आणि इतके लाल होऊन बसले की विषय तिथेच मिटला. "पातळ सालीचं की जाड, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही." ही कुणाची ते आमच्या घरात तिघांना कळलं.

आणि मग एक गोष्ट घडू लागली जी आधी फक्त पहिल्या रांगेला दिसली. सर अडखळू लागले. "आंबट... आंबट रस जिभेखाली..." आवंढा. "कच्च्या लिंबाला मीठ लावून..." आवंढा. बिचाऱ्यांनी पंचवीसएक चिठ्ठ्या वाचल्या होत्या. आम्हा सगळ्यांच्या वाटचं लिंबू ते एकटे खात होते. शब्द ओले होऊन बाहेर पडू लागले. त्यांनी रुमाल काढला. ओठ टिपले. पुन्हा वाचायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, कारण उघडं ठेवणं धोक्याचं झालं होतं.

मागून कुणीतरी विचारलं, "सर, सुटलं का पाणी?"

रुमालाआडून सर म्हणाले, "हा लाळग्रंथींचा प्रतिक्षेप आहे."

"मी वेगळं काय म्हणतोय सर," बाबा म्हणाले.

हॉल असा काही कोसळला की स्टेजवरचा माइक कुईं करून ओरडला. हसता हसता लोक गिळत होते, गिळता गिळता हसत होते. आई भिंतीशी उभी राहून बोटं मोजत होती. दोन्ही हात संपल्यावर तिने मोजणं सोडलं. साठे सरांनी डबा बाबांच्या हातात दिला. "आपण वाचा. माझ्याच्याने होत नाही," असं खाणाखुणांनी.

बाबा वाचू लागले. तेव्हा मला आठवलं की माझी चिठ्ठी अजून आलेली नाही, आणि माझं अक्षर त्यांनीच पाटीवर हात धरून वळवलंय. त्यांनी एक घडी उलगडली आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. मला एवढंच कळलं की मी सापडले आहे. बाबा म्हणाले, "पिवळंधमक लिंबू. पाणी सुटलं." चिठ्ठी कोटाच्या खिशात गेली. पुढे आणखी काही वाचल्या, आणि अजून एक, जवळजवळ न बघताच, खिशात टाकली.

संध्याकाळी हॉल झाडून मी आणि बाबा सतरंजी गुंडाळत होतो. त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." मग मला राहवलं नाही. "बाबा, लोकांना खरंच दिसतं का हो? म्हणजे, खरंच?"

ते गुंडाळलेल्या सतरंजीवर बसले आणि दुसरी चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्यावर लिहिलं होतं, 'काही नाही.' नाव घालायचं नव्हतं, तरी सवयीने खाली छोटी सही, आणि बाजूला 'जावक'.

मी त्या कागदाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "मग ते देठाकडे हिरवं? माठाला टेकलेलं?"

"ते शांताचं," बाबा म्हणाले. "वर्ध्याला आमच्या घरामागच्या आवारात लिंबाचं झाड होतं. दुसऱ्यांचं. त्या आवारात आपण पाऊल टाकायचं नाही, असं होतं तेव्हा. उन्हाळ्यात तहान लागली की शांता अंगणात डोळे मिटून बसायची आणि त्या झाडाचं लिंबू खायची. पार कापून, मीठ लावून. म्हणायची, घे दादा, अर्धं तुले. मी हात पुढे करायचो. मला काही दिसायचं नाही. पण तिच्या हनुवटीवरून पाणी गळायचं ते तर खरं होतं ना? मी पण तोंड वाकडं करून म्हणायचो, लय आंबट हाये. तिला बरं वाटायचं." त्यांनी माझी चिठ्ठी परत घडी करून खिशात ठेवली. "मोठा झाल्यावर वाटलं, विचारून बघू. अजून किती जणांना दिसतं."

"मी पण आत्याचंच बघून करते," मी म्हटलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. मग माझे. आम्ही इतके हसलो की आत्या जिन्यातून ओरडली, "काय झालं? कोन पडलं?" आई तिच्या मागे होती. तिने आम्हाला पाहिलं आणि हात पुढे केला. "कोट द्या इकडे. बटण लावून ठेवते."

तो कोट बाबांनी निवृत्तीनंतरही बरीच वर्षं घातला. मी शेवटपर्यंत त्यांची पहिली स्वयंसेवक होते, आणि आता स्टेजवर अंधार बघणारे दोघं होतो हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. या अंधाराला म्हणे आता नाव आहे. नाटकातल्या एका मुलीने मोबाइलवर दाखवलं. मी वाचलं नाही. इतकी वर्षं बिननावाचा सुखाने नांदला, आता त्याचं बारसं कशाला?

एकच अडचण आहे. बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. लोक म्हणतात डोळे मिटले की माणूस समोर उभा राहतो. माझ्यासमोर कुणी उभं राहत नाही. म्हणून मी कधीकधी रविवारी कर्वेनगरच्या जुन्या घरी आत्याकडे जाते. ऐंशीला आली आहे, कान शाबूत आहेत. मी तिच्या शेजारी बसते आणि एकच शब्द म्हणते, "दादा."

आत्या डोळे मिटते. "आला," ती म्हणते. "काळा कोट हाये. हसून राहिला. तुह्याकडेच पाहते." मग तिच्या कपाळाला आठी पडते. "सुजे, खांद्यावर बी चिकटली हाये बघ त्याच्या. झटक ना."

मी तिचा चेहरा बघते, तो वळलाय तिकडे वळते, आणि हात उचलून झटकते.